उभ्या रेषेचा ठोकळा

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो चिंचेच्या लाकडाचा, भाजी चिरायचा एक ठोकळा. थकलो आहे मी आता. अंगावर सुरीचे घाव किती, याचा हिशोब मी ठेवला नाही. माझी एक बाजू करवतीने कापून टाकली आहे, एका सांध्यात पाचर बसवलेली आहे. रस्त्याच्या कडेला पडलेला दिसलो तर सरपण म्हणूनच उचलाल मला. तरी माझी गोष्ट ऐका. ती माझ्या एकट्याची नाही.

भिलाईजवळ रिसाली नावाचं गाव आहे. तिथल्या तलावाच्या पाळीवर एक चिंच होती आणि मी तिची एक जाड फांदी होतो. पोलाद कारखान्याच्या टाउनशिपकडे जाणारा रस्ता रुंद करायचा ठरला आणि चिंच तोडली गेली. आरा मशीनवर माझ्या फळ्या झाल्या. त्या विकत घेतल्या देवरावांनी. देवराव त्याच कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये कामाला होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असला की आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो; ते नमुने घडवायचं त्यांचं काम. सेक्टर ६ मधल्या त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी आम्हा फळ्यांना एकावर एक रचून ठेवलं. मध्ये हवा खेळावी म्हणून बारक्या पट्ट्या घातल्या. वाळल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. एक चौरंग करावा असं त्यांच्या मनात होतं. तो चौरंग काही झाला नाही.

त्या वर्षी, १९७८ साली, त्यांच्या पत्नी विजयाबाई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळल्या. हातातली परात खाली पडल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा डावा पाय ओढत चालत होत्या आणि डाव्या हाताची बोटं आत वळली होती. मुलगा देवानंद तेव्हा शाळेत होता. घर चालवायला देवरावांनी आपल्या थोरल्या बहिणीला, सिंधुताईंना, तुमसरकडच्या गावाहून बोलावून घेतलं. सिंधुताई विधवा होत्या आणि दिराच्या घरी राहत होत्या. एक लोखंडी पेटी घेऊन त्या आल्या, आणि आल्या त्या दिवसापासून चूल त्यांच्या हाती गेली.

विजयाबाई समोरच्या खोलीत खाटेवर बसून असत. एके दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मले काईतरी काम द्या. असं खाटेवर मांडून कावून ठेवलं मले? मी का गणपती आहो का?"

आता अडचण अशी होती, की घरात भाजी चिरायची ती पावशीवर. पावशी म्हणजे विळी. तिच्यासमोर जमिनीवर बसावं लागतं, पाट पायाने दाबून धरावा लागतो आणि दोन्ही हात चालावे लागतात. विजयाबाईंना जमिनीवर बसता येत नव्हतं. त्यांना ओट्याशी उभं राहून, एका हातात सुरी धरून चिरता येईल असं काहीतरी हवं होतं. देवराव व्हरांड्यात आले, फळ्या चाळल्या आणि मला उचललं. मी सगळ्यांत रुंद होतो. सिंधुताई दारातून म्हणाल्या, "चिंचेचं लाकूड घरात आणून राहिला देवा? चिंचेवर काय काय राह्यते!" देवराव हसले आणि रंधा मारू लागले.

हा माझा पहिला जन्म. मी एक सपाट, गुळगुळीत फळी झालो. माझ्या रेषा, म्हणजे लाकडाचे धागे म्हणा ना, ओट्यावर आडव्या निजलेल्या होत्या. दिसायला मी सुंदर होतो. काम मात्र मला जमलं नाही. सुरी रेषांच्या बाजूने चालली की घसरायची, आणि रेषांवर आडवी पडली की धागे तुटून कुसळं निघायची. एकदा कोशिंबिरीत असं एक कुसळ निघालं ते नेमकं देवानंदच्या हिरडीत शिरलं. पुन्हा मला रोज धुतलं जायचं ते एकाच अंगाने. महिन्याभरात मी धनुष्यासारखा वाकलो आणि ओट्यावर डुलू लागलो.

एका सकाळी विजयाबाई भेंडी चिरत होत्या. मी डुललो. सुरी घसरली. त्या चिरत राहिल्या. भेंडीच्या हिरव्या चकत्यांमध्ये लाल थेंब दिसले तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं. डाव्या हाताच्या दोन बोटांवर खोल जखम झाली होती, आणि त्या हाताला ते कळलंच नव्हतं. सिंधुताई किंचाळल्या. विजयाबाई ओरडल्यासुद्धा नाहीत. रक्ताळलेल्या हाताकडे, तो दुसऱ्या कोणाचा असावा तशा, त्या बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी देवराव कामावरून आले, पट्टी पाहिली आणि म्हणाले, "झालं. आता सुरीले हात लावाचा नाई."

सिंधुताईंनी सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या. मला दारामागे उभं केलं. विजयाबाई भिंतीकडे तोंड करून निजू लागल्या. जेवायला हाक मारली तर उठायच्या, जेवायच्या, पुन्हा निजायच्या. त्यांचं बोलणं कमी झालं, मग जवळजवळ बंदच झालं. देवरावांनी रेडिओ त्यांच्या खोलीत आणून ठेवला. त्यांनी तो लावला नाही.

मग एका रविवारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "मी येतो बाजारात." देवराव चकित झाले. सायकल हातात धरून त्यांच्या चालीने चालू लागले. बाजारात काय घडलं, ते त्यांनी परत आल्यावर दारातच एकमेकांना पुन्हा सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. मटणाच्या दुकानासमोर विजयाबाई थांबल्या. घरी मटण क्वचितच यायचं, म्हणून देवरावांना वाटलं, त्या दमल्या असतील. त्या खाटकाच्या ठोकळ्याकडे बघत होत्या. झाडाचं खोड होतं ते, जमिनीवर उभं केलेलं.

"त्याचा ठोकळा उभा आहे," त्या घरात शिरताना म्हणाल्या. "झाड जसं उभं राह्यते तसाच. वर गोल गोल कडे दिसून राहिले होते. सत्तूर मारला का आत रुतून राह्यते, सटकत नाई. मंग आपली फळी आडवी कावून निजवली तुमी?"

 देवरावांनी मला दारामागून काढलं आणि खाटेवर विजयाबाईंच्या समोर ठेवलं.

"पाह्य," ते म्हणाले, "लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाडू असते ना, तसं. आडव्या झाडूवर सुरी मारली तर काड्या तुटते. झाडू उभा करून त्याच्या टोकांवर मारली तर सुरी काड्यांच्या मंधात जाते, अन् काढली का काड्या परत जवळ येते. तुहं बरोबर आहे. पण त्याच नळ्यांतून झाड पाणी पेते. तोंडं वर केली तर तुहा ठोकळा रोज पाणी पेईन. फुगन, सुकन, फुगन, सुकन. एक दिवस फाटन."

"मंग?"

"मंग मधला रस्ता काढू."

मधला रस्ता हा माझा दुसरा जन्म. देवरावांनी माझ्या लांब पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टी कुशीवर वळवली आणि गोंद लावून शेजारी शेजारी चिकटवली. पकडून धरायला शिकंजे लागत होते, ते शेजारच्या शालिकरामांनी दिले. असं केल्याने मी वाकायचा थांबलो. भक्कम झालो, पाणीही सोसू लागलो. देवराव खूश होते. लाकूडकाम जाणणाऱ्या माणसाला विचाराल तर तो हाच ठोकळा चांगला म्हणेल.

विजयाबाईंनी एक बटाटा माझ्यावर ठेवला आणि उजव्या हाताने सुरी दाबली. सुरी माझ्या अंगावरून बोटभर सरकली.

"सटकते," त्या म्हणाल्या.

"थोडीशीच सटकली."

"थोडीशीच सटकली तवाच बोटं कापले होते."

"विजया, उभा केला तर टिकनार नाई म्हणतो मी. पाच वर्षं चालन, आठ चालन. हा पंचवीस वर्षं चालन."

तेव्हा विजयाबाई एकदम मोठ्याने बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "तुमी लाकडाची काळजी करून राहिले का माझी?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. सिंधुताई ऐकत होत्या. देवरावांनी मला उचललं आणि व्हरांड्यात नेलं.

आणि मित्रांनो, त्यांनी मला पुन्हा करवतीखाली धरलं. नुकत्याच सांधलेल्या माझ्या अंगाचे आडवे तुकडे केले, एकेक तुकडा उभा केला, सगळ्यांची तोंडं वर केली आणि पुन्हा गोंद, पुन्हा शिकंजे. उभ्या रेषेवर रंधा चालवणं सोपं नसतं. कडेचे कपचे उडतात. देवराव कडेकडून मधोमध येत, थांबून पात्याला धार लावत, पुन्हा येत. त्यांचे खांदे भरून यायचे. कारखान्यात दिवसभर लाकूडच, घरी आल्यावरही लाकूडच. शेवटी मी सपाट झालो, तेव्हा त्यांनी जवसाचं तेल माझ्यावर ओतलं. मी ते प्यालो. पुन्हा ओतलं, तेही प्यालो. घरच्या भाजीचं तेल असं लाकडाला पाजलेलं पाहून सिंधुताई कपाळाला हात लावून बसल्या. माझ्या एका कोपऱ्यात देवरावांनी दोन पट्ट्या काटकोनात बसवल्या. कांदा किंवा बटाटा त्या खोबणीत टेकवला की तो पळत नसे आणि डाव्या हाताची गरज उरत नसे.

त्या दिवशी विजयाबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. देवराव त्यांच्या बाजूला हात पुढे करून उभे, म्हणजे काही झालं तर धरता येईल. सुरी खाली आली. तिची धार माझ्या धाग्यांमध्ये शिरली आणि तिथेच थांबली. आवाजसुद्धा वेगळा आला, मऊ. दुसरा घाव, तिसरा घाव.

"हात मागं घ्या तुमी," विजयाबाई म्हणाल्या. "मले चिरू द्या."

पुढची वर्षं माझी कामाची आणि कौतुकाची. विजयाबाई हळूहळू ओट्याशी परत आल्या. आधी नुसती भाजी, मग फोडणी, मग सगळंच. शेजारणी मला बघायला येत. मला उलटसुलट करून पाहत आणि आपल्या घरी जाऊन नवऱ्यांना सांगत. देवराव दर महिन्याला मला तेल पाजत. धुतल्यावर लगेच पुसून मला कडेवर उभं ठेवायचं, असा घरात नियम झाला.

पण एका बाईला परत मिळालेली जागा दुसरीच्या हातातून सुटत होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, कारण मी ओट्यावरच असे. सिंधुताईंकडे आता भांडी उरली होती आणि धुणं उरलं होतं. त्या पूर्वी काम करताना स्वतःशी बोलत, ते थांबलं. कधी कधी त्या ओट्याशी येऊन उभ्या राहत आणि काही न करता परत जात.

एका मे महिन्यात देवराव आणि विजयाबाई एका लग्नाला दुर्गला, पद्मनाभपुरात गेले. घरात सिंधुताई एकट्या होत्या. त्यांनी मला उचललं आणि पाण्याने भरलेल्या टबात बुडवलं. दिवसभर मी बुडून होतो. माझ्या सगळ्या नळ्यांची तोंडं वर, आणि वर पाणीच पाणी. मी प्यालो. मला थांबता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंगणातल्या फरशीवर, भिलाईच्या त्या भाजणाऱ्या उन्हात ठेवलं. दुपारी माझा एक सांधा कडकन उघडला.

लग्नाहून आल्यावर विजयाबाईंनी माझ्या भेगेवरून बोट फिरवलं. देवराव अजून बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होते.

"ताई, याले पाण्यात कोनं ठेवलं?"

"मी ठेवलं. घाण झाला होता."

"घाण नोहता झाला."

सिंधुताई भांडं घासत होत्या, ते त्यांनी खाली ठेवलं. "हाओ, नोहता. मुद्दाम ठेवलं. तुहा हात चालते आता विजया. उद्या देवा म्हनन, ताई, तुहं काम झालं, जाय आता गावाले. गावाले कोन आहे माझं? दीर दारात उभं करत नाई. तू बरी झाली याचा मले आनंद नाई का? आहे. पण तू बरी झाली का मी कोनाच्या कामाची? सांग."

विजयाबाई स्टुलावर बसल्या. त्या रागावल्या होत्या, हे मला दिसत होतं.  मग टोपलीतला एक कांदा घेऊन तो त्यांनी सिंधुताईंच्या पुढे धरला.

"चिरता येते मले," त्या म्हणाल्या. "एका हातानं कांदा सोलता येत नाई. लसूण सोलता येत नाई. मेथी निवडता येत नाई, कणीक मळता येत नाई. देवानंदचे बाबा मदतीले येते तर सारा ओटा सांडून ठेवते. तुमाले जा कोनं म्हटलं?"

सिंधुताईंनी कांदा घेतला. त्या रडत होत्या आणि कांदा सोलत होत्या, त्यामुळे देवराव आत आले तेव्हा त्यांना वेगळं काही वाटलं नाही.

"हे कसं फाटलं?" त्यांनी विचारलं.

"उन्हात राहिला," विजयाबाई म्हणाल्या. "माझ्याच ध्यानात नाई आलं."

देवरावांनी भेगेत एक बारीक पाचर गोंद लावून ठोकली. ती अजून माझ्यात आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या दोघींच्या मध्ये असे. एक सोलायची, एक चिरायची. कधी भांडायच्या, कधी दिवसभर बोलत नसत, पण कांदा मात्र एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जायचा.

मित्रांनो, एवढ्यावरच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लाकूड जुनं होतं आणि माणसंही होतात. देवराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं आणि रिसालीत त्यांनी छोटं घर बांधलं. रिसाली आता गाव राहिलं नव्हतं. घराला घर लागलं होतं. देवानंदचं लग्न झालं. सून कमलिनी शाळेत शिकवायची. सकाळी तिची फार धावपळ. ओट्यावर मिक्सर आला, भाजी चिरायला प्लास्टिकची हलकी पाटी आली. मी जड होतो, मला पुसायला आणि तेल पाजायला तिला वेळ नव्हता. तिला दोष देत नाही मी.

त्याच सुमारास विजयाबाईंना पुन्हा झटका आला. या वेळी वाचा गेली. त्या खाटेवरच असत. डोळे उघडे, ओठ मिटलेले. डॉक्टर म्हणाले, आवाज कदाचित येईल, कदाचित नाही. देवराव त्यांना चमच्याने भरवत आणि मग व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहत. सिंधुताईंचे गुडघे गेले होते. घरात कोणी कोणाशी फारसं बोलत नसे.

मला कूलरच्या एका पायाखाली सरकवलं होतं. जमीन उंचसखल होती आणि कूलर डुलत होता, म्हणून. दोन उन्हाळे मी तिथे होतो. कूलरचं पाणी थेंब थेंब माझ्यावर गळत राहिलं. माझी एक बाजू काळी पडली, कुजली. देवराव शेजारून जात-येत. मी त्यांना दिसत असेनच. पण थकलेला माणूस पुष्कळ गोष्टी बघतो आणि तशाच सोडतो, त्यांनीही सोडलं.

दुसरा उन्हाळा संपल्यावर कूलर उचलला गेला. "बाबा, हे फेकून देऊ का?" कमलिनीने विचारलं.

देवरावांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, बोटाने ठोकून पाहिलं. "अजून अर्धा चांगला आहे," ते म्हणाले.

करवत गंजली होती. चार ओढी मारल्या की त्यांना दम लागायचा. मग ते बसायचे. ते काम दुपारभर चाललं. कुजलेला भाग गळून पडला. पूर्वीचा अर्धा मी उरलो, मांडीवर मावेल एवढा. रंधा मारायला त्यांच्या हातात बळ नव्हतं, म्हणून काचपेपरने जमेल तेवढं घासलं. त्यांनी मला कुठे ठेवावं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सिंधुताईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं.

"ओट्याशी माझ्याच्यानं उभं राहवत नाई," त्या म्हणाल्या. "विजयाजवळ बसून चिरतो. दिवसभर एकटी पडून राह्यते बिचारी."

त्यांनी विजयाबाईंच्या खाटेला लागून स्टूल ओढलं, त्यावर मला ठेवलं आणि सांभाराची जुडी सोडली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. सिंधुताई चिरू लागल्या. नजर कमी झालेली, हात थरथरणारा. देठांचे लांब लांब तुकडे पडत होते. वास खोलीभर पसरला. विजयाबाईंनी मान वळवली. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. घशातून खरखर आली.

"बारीक," त्या म्हणाल्या.

सिंधुताईंची सुरी थांबली.

"बारीक," विजयाबाई पुन्हा म्हणाल्या, आणि कपाळाला आठी घातली.

व्हरांड्यातून देवराव जेवढं धावता येईल तेवढे धावत आले. "काय म्हटलं? बोलली का ती? काय म्हटलं तिनं?"

"काय म्हनन?" सिंधुताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मले चिरता येत नाई म्हणते."

मित्रांनो, लाकडाच्या वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांना पाण्यात बुडवून ठेवू नका. धुतलं की पुसा, सावलीत उभं करा, अधूनमधून तेल द्या. आम्ही मागून घेऊ शकत नाही. आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर भाजी निवडायला, चिरायला त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसा. त्यांना कसं वाटतंय, हे विचारत बसू नका. तुमचं चुकतंय का, तेवढं त्यांना पाहू द्या.

माझ्यात आता फार दिवस उरलेले नाहीत. पाचर सैल झाली आहे. पण सिंधुताईंनी सांभार गोळा करून पुन्हा माझ्यावर घेतला आहे, आणि विजयाबाई टक लावून बघत आहेत.